फळ्यावरची चेतापेशी आणि मेंदूतल्या चेतापेशी

निफाडच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवणाऱ्या शिक्षिकेचा प्रश्न असा आहे: चेतापेशीची जी आकृती आम्ही दरवर्षी फळ्यावर काढतो, म्हणजे मध्ये कोनाकोनांची पेशीकाया, तिला फुटलेल्या आखूड वृक्षिका, एका बाजूने निघालेला लांब अक्षतंतू आणि त्यावर तुटक तुटक दाखवलेले मायलिन या स्निग्ध पदार्थाचे आवरण, तशाच पेशी मानवी मेंदूत सगळीकडे असतात का? नसतील, तर आकार बदलल्याने पेशीच्या कामात नेमका काय फरक पडतो? आणि यातले काही वर्गात प्रत्यक्ष दाखवता येईल का? मी पेशाने पॅथॉलॉजिस्ट आहे. नाशिकमध्ये मेंदूच्या बायोप्सी आणि शस्त्रक्रियेत काढलेले तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासणे हे माझे रोजचे काम असल्यामुळे हे उत्तर पुस्तकापेक्षा स्लाइडच्या बाजूने लिहीत आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ ‘नाही’ असे आहे. ती आकृती मुळात मेंदूतल्या पेशीची नाहीच. ती मेरुरज्जूच्या करड्या भागात, पुढच्या बाजूस असणाऱ्या आणि हातापायांच्या स्नायूंना आज्ञा पाठवणाऱ्या प्रेरक चेतापेशीची आहे. ओटो डायटर्स या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने रसायनात मुरवलेल्या मेरुरज्जूतून बारीक सुयांनी एकेक पेशी अलगद सोडवली आणि तिची चित्रे काढली. १८६३ मध्ये, तिशीही गाठण्याआधी, त्याचे निधन झाले आणि ही चित्रे १८६५ मध्ये प्रसिद्ध झाली. पेशीला अनेक फाटे असले तरी त्यांपैकी एकच फाटा बाकीच्यांहून वेगळा असतो, हे त्या चित्रांत प्रथमच इतके स्पष्ट दिसले. आपली शालेय आकृती त्याच परंपरेतली आहे. ती चुकीची नाही, पण ती एका विशिष्ट पेशीची आहे, आणि ही पेशी निवडली गेली याचे एक कारण असे की ती मोठी आहे व हाताने सुटी करता येते.

ही आकृती ‘मेंदूतील चेतापेशी’ या शीर्षकाखाली काढली की मात्र दोन गोष्टी खरोखर चुकतात. पहिली म्हणजे अक्षतंतूवर दाखवल्या जाणाऱ्या श्वान पेशी. श्वान पेशी मेंदूत व मेरुरज्जूत नसतात; त्या बाहेरच्या नसांत असतात आणि मायलिन बनवणारी प्रत्येक श्वान पेशी एकाच अक्षतंतूचा एक तुकडा वेढते. मेंदूत मायलिन तयार करण्याचे काम ऑलिगोडेंड्रोसाइट नावाच्या पेशी करतात, आणि अशी एक पेशी आपले अनेक हात पसरून आसपासच्या कित्येक अक्षतंतूंचे तुकडे एकाच वेळी गुंडाळते. मल्टिपल स्क्लेरोसिस या चेतासंस्थेच्या आजारात मेंदूतले मायलिन जाते पण हातापायांच्या नसांमधले बहुधा शाबूत राहते, यामागे हाच फरक आहे. दुसरी चूक प्रमाणाची. प्रेरक पेशीची पेशीकाया सुमारे ५० मायक्रोमीटरची धरू. ती फळ्यावर २ सेंटिमीटरची काढली, तर कमरेजवळच्या मेरुरज्जूपासून पावलापर्यंत जाणारा तिचा जवळजवळ एक मीटरचा अक्षतंतू त्याच प्रमाणात ४०० मीटर लांब काढावा लागेल, म्हणजे खडूची रेघ वर्गातून निघून महाविद्यालयाच्या फाटकाबाहेर जाईल. विद्यार्थ्यांना आकृती काढून देण्याआधी हे गणित करायला लावावे असे मला वाटते, कारण पुढे सांगितलेल्या बऱ्याच गोष्टी त्यावर अवलंबून आहेत.

मग मेंदूतली सर्वसामान्य चेतापेशी कोणती? संख्येने पाहिले तर उत्तर अनपेक्षित आहे. ब्राझीलमधील सुझाना हर्क्युलानो-हाउझेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूच्या ऊती विरघळवून केवळ पेशीकेंद्रके मोजण्याची पद्धत वापरली, आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या मोजणीत प्रौढ मानवी मेंदूत सरासरी ८,६०० कोटी चेतापेशी आढळल्या. त्यांपैकी सुमारे ६,९०० कोटी एकट्या अनुमस्तिष्कात, म्हणजे मेंदूच्या मागच्या बाजूस खाली असलेल्या लहान भागात, होत्या आणि प्रमस्तिष्काच्या बाह्यकात, म्हणजे विचार, भाषा, स्मृती यांच्याशी आपण ज्याचा संबंध जोडतो त्या भागात, केवळ १,६०० कोटींच्या आसपास. अनुमस्तिष्काचे वजन मेंदूच्या एकूण वजनाच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतकेच असते. इतक्या कमी जागेत इतक्या पेशी मावतात, कारण तिथल्या कणिका पेशी मेंदूतल्या सर्वांत लहान चेतापेशींपैकी आहेत: पेशीकाया ५ ते ८ मायक्रोमीटरची, साधारण चार आखूड वृक्षिका आणि प्रत्येकीच्या टोकाला लहानसा पंजा. म्हणजे डोळे मिटून मेंदूतली कोणतीही एक चेतापेशी उचलली, तर पाचांपैकी चार वेळा हाती कणिका पेशी येईल, आणि ती पुस्तकातल्या आकृतीसारखी मुळीच दिसणार नाही.

आकाराचे महत्त्व काय, हा आपला दुसरा प्रश्न. चेतापेशीच्या बाबतीत आकार हा पेशीला वरून चढवलेला साज नाही. वृक्षिका कुठवर आणि कोणत्या दिशेने पसरल्या आहेत यावरून ती पेशी कोणाकोणाचे संदेश घेऊ शकते हे ठरते. अक्षतंतू कुठे जातो आणि समोरच्या पेशीच्या कोणत्या भागावर टेकतो यावरून ती कोणावर आणि किती जोराने परिणाम करू शकते हे ठरते. त्यामुळे एकटी पेशी नीट दिसली, तर ती जोडलेल्या पेशींच्या कोणत्या मंडलात बसली असेल याचा निम्मा अंदाज येतो.

मात्र ती नीट दिसणे अवघड असते, हे आधी सांगायला हवे. आमच्याकडे रोज येणाऱ्या स्लाइड हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन या दोन रंगांनी रंगवलेल्या असतात आणि त्यांवरचा काप ४-५ मायक्रोमीटर जाडीचा असतो. ज्या वृक्षिका शेकडो मायक्रोमीटर पसरतात, त्यांचा एवढ्या पातळ कापात केवळ आडवा छेद किंवा एखादा खुंट सापडतो. शिवाय या रंगात सगळ्याच पेशी रंगतात, त्यामुळे कोणता धागा कोणाचा हे कळत नाही. पेशींच्या मधला सारा भाग एकजीव, फिकट गुलाबी दिसतो. नवे विद्यार्थी ‘इथे तर पेशी विरळच आहेत’ असे म्हणतात, तेव्हा त्यांना सांगावे लागते की तो गुलाबी भाग रिकामा नाही, तिथेच वृक्षिका, अक्षतंतू आणि त्यांच्या जोडण्या ठासून भरलेल्या आहेत.

ही अडचण कामिलो गोल्जी या इटालियन वैद्याने १८७३ मध्ये सोडवली. मेंदूचा तुकडा आधी पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये मुरवायचा आणि मग सिल्व्हर नायट्रेटमध्ये ठेवायचा, अशी त्याची पद्धत होती. त्यात शंभरातल्या मोजक्याच पेशी रंगतात, पण ज्या रंगतात त्या टोकापर्यंत काळ्याभोर होतात आणि बाकीच्या पारदर्शक पिवळसर राहतात. नेमक्या याच पेशी का रंगतात, याचे समाधानकारक स्पष्टीकरण अजूनही मिळालेले नाही. या पद्धतीचा दोष वाटावा असा भागच तिचा गुण ठरला, कारण सगळ्या पेशी रंगल्या असत्या तर काळ्या गठ्ठ्याखेरीज काही दिसले नसते. स्पेनच्या सांतियागो रामोन इ काहाल यांनी १८८७ मध्ये माद्रिदला ही स्लाइड प्रथम पाहिली आणि पुढच्याच वर्षापासून त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध होऊ लागले: प्रत्येक चेतापेशी स्वतंत्र आहे आणि ती दुसरीत मिसळत नाही, तर तिला जाऊन भिडते. गोल्जींचे मत नेमके उलट होते. सगळे अक्षतंतू मिळून एकसंध जाळे बनते असे ते मानत. दोघांना १९०६ चे नोबेल पारितोषिक एकत्र मिळाले, आणि गोल्जींनी पारितोषिकाच्या भाषणातही आपल्याच मताची बाजू लावून धरली. निकाल लागला तो १९५० च्या दशकात, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दोन पेशींमधली सुमारे २० नॅनोमीटरची फट दिसली तेव्हा. एकाच पद्धतीच्या स्लाइड पाहणाऱ्या दोन तज्ज्ञांचे निष्कर्ष इतके भिन्न असू शकतात, हे विद्यार्थ्यांना जरूर सांगावे.

आता प्रत्यक्ष पेशींकडे वळू, आणि सुरुवात अनुमस्तिष्कापासूनच करू, कारण आकार आणि काम यांचा संबंध तिथे सर्वांत स्वच्छ दिसतो. साध्या रंगाच्या स्लाइडवर, दहापट भिंगाखाली, तीन थर दिसतात. बाहेरचा फिकट गुलाबी आणि पेशी विरळ असलेला, आतला कणिका पेशींच्या केंद्रकांनी गच्च भरलेला गडद जांभळा, आणि दोन्हींच्या सीमेवर एकेरी ओळीत उभ्या, तळाशी गोल व वर निमुळत्या अशा मोठ्या पेशी. या पुर्किंज पेशी होत. यान पुर्किंजे यांनी १८३७ मध्ये त्यांचे वर्णन केले. साध्या रंगात तिचा निमुळता माथा आणि त्यातून वर निघणारा एखादा जाड खोडाचा तुकडा एवढेच दिसते. गोल्जीच्या रंगात मात्र त्या खोडाला फांद्या, त्यांना उपफांद्या आणि त्यांवर बारीक काटे असा सबंध विस्तार दिसतो, आणि खरी गंमत पुढे आहे: तो विस्तार जवळजवळ सपाट असतो. एका बाजूने पाहिले तर भरगच्च वृक्ष दिसतो, आणि काटकोनात वळून पाहिले तर अरुंद पट्टी.

हा सपाटपणा कशासाठी, हे कणिका पेशीच्या अक्षतंतूकडे पाहिल्यावर कळते. तो बारीक तंतू सरळ वर चढतो, बाहेरच्या थरात जाऊन दोन्ही बाजूंना फुटतो आणि अनुमस्तिष्काच्या घडीच्या लांबीच्या दिशेने काही मिलिमीटर समांतर धावतो. पुर्किंज पेशींचे वृक्ष बरोबर त्याच्या काटकोनात उभे असतात. निफाड-दिंडोरीकडच्या मुलांना हे समजावणे सोपे आहे: वाय पद्धतीच्या द्राक्षबागेत ओळीने एकामागे एक उभे असलेले लोखंडी अँगल म्हणजे पुर्किंज पेशी, आणि त्या अँगलांमधून ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओवलेल्या तारा म्हणजे कणिका पेशींचे समांतर तंतू. प्रत्येक तार वाटेत येणाऱ्या प्रत्येक अँगलला एकदाच भेटते आणि पुढे जाते. वृक्ष चहूबाजूंनी गोल पसरला असता, तर तोच तंतू त्याच पेशीला पुन्हा पुन्हा भेटत राहिला असता आणि थोड्याच पेशींपर्यंत पोहोचला असता. सपाट मांडणीमुळे एक तंतू पुष्कळ पेशींना, आणि एक पेशी पुष्कळ तंतूंना, कमीत कमी जागेत भेटते. एका पुर्किंज पेशीवर अशा जोडण्यांची संख्या एक ते दोन लाखांच्या घरात जाते. त्याउलट मस्तिष्कपुच्छातून, म्हणजे मेंदूच्या मेरुरज्जूला जोडलेल्या तळच्या भागातून, येणारा आरोही तंतू सहसा एकेका पुर्किंज पेशीसाठी एकच असतो, पण तो तिच्या फांद्यांना वेलासारखा बिलगून शेकडो ठिकाणी जोडला जातो. म्हणजे एकीकडे लाखभर कुजबुजणारे आवाज आणि दुसरीकडे एकच ठणकावून सांगणारा; हालचालीतली चूक सुधारण्याचे काम या दोहोंच्या मेळातून होते, असे आज मानले जाते.

कित्येक वर्षे अतिरिक्त मद्यपान केलेल्या रुग्णांत अनुमस्तिष्काच्या मधल्या भागातल्या पुर्किंज पेशी विरळ होतात आणि चाल अडखळते. चांदीच्या रंगात रंगवलेल्या अशा स्लाइडवर पेशी गेलेली असते, पण तिच्या पेशीकायेभोवती शेजारच्या पेशींच्या अक्षतंतूंनी विणलेले जाळे तसेच शिल्लक दिसते. निदानाच्या दृष्टीने ती रिकामी जाळी फार उपयोगी, कारण नसलेली पेशी मोजणे अवघड असते, पण जाळी मोजता येते.

प्रमस्तिष्काच्या बाह्यकाची गोष्ट वेगळी आहे. तिथे दहापैकी सात-आठ चेतापेशी पिरॅमिडच्या आकाराच्या असतात. पेशीकाया त्रिकोणी, तिच्या शिरोभागातून निघून मेंदूच्या पृष्ठभागाकडे सरळ जाणारी एक जाड शीर्ष वृक्षिका, तळाच्या कोपऱ्यांतून आडव्या पसरणाऱ्या अनेक बारीक वृक्षिका, आणि तळाच्या मध्यातून खाली उतरणारा अक्षतंतू. बाह्यकाची जाडी २ ते ४.५ मिलिमीटर असते आणि तीत सहा थर मानतात. पाचव्या थरातल्या मोठ्या पेशीची शीर्ष वृक्षिका मधले सर्व थर ओलांडून पहिल्या थरात जाऊन पिसारा फुलवते. त्यामुळे एकच पेशी तळाच्या वृक्षिकांनी शेजारच्या पेशींचे ऐकते आणि माथ्याच्या पिसाऱ्याने बाह्यकाच्या दूरच्या भागांतून येणारे संदेश घेते. या दोन ठिकाणी आलेले संदेश एकाच वेळी पोहोचले तर पेशीचा प्रतिसाद फार वेगळा असतो. म्हणजे पेशीच्या आतच एक प्रकारची तुलना होते. चेतापेशीला नुसती चालू-बंद होणारी कळ समजणे मला म्हणूनच अपुरे वाटते.

याच कुटुंबातल्या सर्वांत मोठ्या पेशींचे वर्णन व्लादिमीर बेट्झ यांनी १८७४ मध्ये केले. हालचाल घडवणाऱ्या बाह्यकाच्या पाचव्या थरात त्या असतात आणि त्यांची उंची १०० मायक्रोमीटरपर्यंत जाते. त्यांच्या आकारामुळे असा समज पसरला की मेंदूतून मेरुरज्जूकडे जाणाऱ्या साऱ्या आज्ञा त्यांच्याच. प्रत्यक्षात त्या मार्गातल्या प्रत्येक बाजूच्या सुमारे दहा लाख तंतूंपैकी बेट्झ पेशींचे तंतू शेकडा ३ च्या आसपासच भरतात.

पिरॅमिड पेशींच्या वृक्षिकांवर बारीक काटे असतात. गोल्जीला ते रंगाचा दोष वाटले. काहाल यांनी १८८८ पासून ते खरे असल्याचा आग्रह धरला आणि तो बरोबर निघाला. एका काट्याची लांबी एक-दोन मायक्रोमीटर, मान अरुंद, डोके फुगीर. आणि त्या डोक्यावर दुसऱ्या पेशीचा अक्षतंतू येऊन टेकतो. एका पिरॅमिड पेशीवर असे हजारो काटे असतात. अरुंद मानेमुळे प्रत्येक काट्यातले कॅल्शियम त्याच काट्यात कोंडून राहते, आणि म्हणून शेजारच्या काट्याला धक्का न लावता एकाच जोडणीची ताकद वाढवता किंवा कमी करता येते. शिकण्याची क्रिया पेशीच्या आकारात कुठे उमटते असे विचारले, तर बोट या काट्यांवरच ठेवावे लागेल. फ्रॅजाइल एक्स या बौद्धिक अक्षमतेच्या आनुवंशिक विकारात हे काटे लांब, किडकिडीत आणि अपरिपक्व राहतात. बाकी पेशी पाहता क्षणी फारशी वेगळी वाटत नाही.

बाह्यकातल्या उरलेल्या चेतापेशी आखूड पल्ल्याच्या असतात. त्यांच्या वृक्षिकांवर काटे नसतात किंवा थोडे असतात, अक्षतंतू जवळपासच संपतो आणि बहुतेकींचे काम समोरच्या पेशीला आवरण्याचे असते. त्यांची नावे व रूपे इतकी आहेत की विद्यार्थी वैतागतात; पण एक सूत्र धरले तर ती लक्षात राहतात: कोण, समोरच्या पेशीच्या कोणत्या जागी आवर घालतो. बास्केट पेशींचे तंतू पिरॅमिड पेशीच्या पेशीकायेला वेढतात. मार्टिनोट्टी पेशींचे तंतू वर चढून पहिल्या थरातल्या पिसाऱ्यावर टेकतात आणि दूरवरून आलेले संदेश दाबतात. शँडेलियर पेशी सर्वांत नेमकी आहे. संदेश उमटतो तो अक्षतंतूच्या अगदी सुरुवातीच्या, काही दशक मायक्रोमीटर लांबीच्या तुकड्यात, आणि शँडेलियर पेशीच्या तंतूंच्या उभ्या लडी थेट त्या तुकड्यावर बसतात. वृक्षिकांवर काहीही चर्चा झालेली असो, बाहेर काय जाणार याचा निर्णय होतो तिथेच ही पेशी हात ठेवते.

या मांडणीत बिघाड झाला की तो माझ्या टेबलावर येतो. औषधांना दाद न देणाऱ्या अपस्मारासाठी (फिट येण्याच्या आजारासाठी) बाह्यकाचा जो तुकडा शस्त्रक्रियेने काढतात, त्यात काही वेळा फोकल कॉर्टिकल डिस्प्लेजिया, म्हणजे बाह्यकाच्या एखाद्या भागाची सदोष घडण, आढळतो. अशा स्लाइडवर आधी थरांची रांग मोडलेली दिसते. मग एकेक पेशी पाहत गेले की त्रिकोणांची टोके पृष्ठभागाकडे न राहता आडवी, तिरपी, काही चक्क खाली वळलेली सापडतात. काही पेशी अवाजवी मोठ्या असतात आणि त्यांच्यात निस्सल कण कडेला साचलेले असतात. काही तुकड्यांत फिकट, फुगीर, काचेसारख्या दिसणाऱ्या बलून पेशीही असतात. शीर्ष वृक्षिका चुकीच्या दिशेला गेली म्हणजे ती चुकीच्या थराचे ऐकणार, हे वर सांगितलेले सूत्र इथे रुग्णाच्या झटक्यांच्या रूपात भोगावे लागते.

पेशीच्या आतल्या रचनेबद्दल थोडक्यात. फ्रान्झ निस्सल यांच्या नावाने ओळखले जाणारे निळे-जांभळे कण म्हणजे प्रथिने बनवणारी यंत्रणा. हे कण पेशीकायेत आणि जाड वृक्षिकांच्या बुंध्यांत असतात, पण अक्षतंतू जिथून निघतो त्या उंचवट्यात नसतात, आणि स्लाइडवर अक्षतंतूचे मूळ ओळखण्याची हीच खूण आहे. याचा अर्थ असा की अक्षतंतूला लागणारी बहुतेक प्रथिने पेशीकायेत बनून त्याच्या टोकापर्यंत वाहून न्यावी लागतात. सूक्ष्मनलिकांच्या रुळांवरून ही वाहतूक चालते आणि तिचा जलद वेग दिवसाला २०० ते ४०० मिलिमीटर असतो. मघाच्या एक मीटर लांबीच्या अक्षतंतूत मेरुरज्जूत बनलेला माल पावलापर्यंत पोहोचायला म्हणूनच अडीच ते पाच दिवस लागतात. संदेश मात्र जाड मायलिनयुक्त तंतूतून सेकंदाला १०० मीटरपेक्षाही वेगाने जाऊ शकतो.

हे नुसते आकडे नाहीत. मधुमेहात बधिरपणा पावलांच्या बोटांपासून सुरू होऊन वर सरकतो आणि गुडघ्याच्या आसपास आला की हातांच्या बोटांची पाळी येते, हे नाशिकच्या कोणत्याही फिजिशियनच्या ओपीडीत रोज दिसते. सर्वांत लांब तंतू सर्वांत आधी हार मानतो, असा हा क्रम आहे. कर्करोगावरचे व्हिनक्रिस्टिन हे औषध सूक्ष्मनलिका मोडते, आणि तेही त्याच क्रमाने बोटे बधिर करते. हे तंतू ज्या संवेदी पेशींचे, त्या मेंदूत नसून मणक्यांच्या शेजारच्या गाठींत असतात आणि त्यांचा आकारही निराळा असतो: गोल पेशीकायेतून एकच फाटा निघतो आणि पुढे त्याचे दोन होऊन एक त्वचेकडे व दुसरा मेरुरज्जूकडे जातो. मूळ प्रश्न मेंदूचा असला तरी, आकारावरून आजार कसा ठरतो याचे याहून ओळखीचे उदाहरण मला सापडत नाही.

मेंदूच्या आतही तसेच आहे. मध्यमस्तिष्काच्या कापावर नुसत्या डोळ्यांनी दिसणारा काळा पट्टा तिथल्या पेशींत साठलेल्या न्यूरोमेलॅनिन या गडद रंगद्रव्यामुळे असतो, आणि पार्किन्सन्स आजारात तो फिकट पडलेला दिसतो. याच पेशी का मरतात, याची अनेक कारणे सांगितली जातात. त्यांतले मला पटणारे एक कारण आकाराशी निगडित आहे: अशा एकेका पेशीच्या अक्षतंतूच्या साऱ्या फांद्यांची मिळून लांबी ४ मीटरांहून अधिक आणि जोडण्या दहा लाखांहून अधिक असाव्यात असा अंदाज आहे, आणि एवढा संसार सांभाळण्यासाठी लागणारी ऊर्जा पुरवताना थोडी जरी ओढाताण झाली तरी ती पेशी आधी कोलमडते. हृदय काही मिनिटे थांबून पुन्हा सुरू झालेल्या रुग्णांत हिप्पोकॅम्पस या स्मृतीशी निगडित भागाच्या ठरावीक पट्ट्यातल्या पिरॅमिड पेशी आणि अनुमस्तिष्कातल्या पुर्किंज पेशी सर्वांत आधी आक्रसून लालबुंद होतात. रेबीजची खूण असलेले पेशींतले नेग्री पिंडही याच दोन ठिकाणी शोधतात, आणि कुत्रा चावल्यावर लस न घेतलेल्या रुग्णाच्या शवविच्छेदनात हिप्पोकॅम्पस आणि अनुमस्तिष्क यांचे तुकडे घेण्यामागे तेच कारण आहे.

केवळ आकारावरून चेतापेशींचे वर्गीकरण पूर्ण होते असे मात्र नाही. कोणती जनुके चालू आहेत हे एकेका पेशीत तपासून २०२३ मध्ये मानवी मेंदूचा जो नकाशा प्रसिद्ध झाला, त्यात पेशींचे तीन हजारांहून अधिक प्रकार नोंदले आहेत, आणि त्यांतले पुष्कळसे दिसायला सारखे आहेत. दुसरीकडे, २०२४ मध्ये हार्वर्ड आणि गुगलच्या संशोधकांनी मानवी बाह्यकाच्या साधारण एक घन मिलिमीटर तुकड्याची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने केलेली संपूर्ण मांडणी प्रसिद्ध केली. तेवढ्याशा तुकड्यात सुमारे ५७,००० पेशी आणि १५ कोटी जोडण्या निघाल्या, आणि त्यासाठी १,४०० टेराबाइट माहिती साठवावी लागली. ही चित्रे इंटरनेटवर खुली आहेत. वर्गात प्रोजेक्टर असेल तर एखादी पिरॅमिड पेशी फिरवून दाखवता येते.

आता तिसरा प्रश्न, वर्गात काय दाखवता येईल. मेंदूच्या पेशी दाखवणे अवघड आहे, पण फळ्यावरची पेशी खरोखर दाखवता येते, आणि तेही मटणाच्या दुकानातून आणलेल्या शेळीच्या ताज्या मेरुरज्जूतून. कमरेजवळचा जाडसर भाग मागून घ्यावा, कारण पायांच्या स्नायूंच्या प्रेरक पेशी तिथे दाट असतात. आडवा काप घेतला की मध्ये करडा भाग दिसतो. त्याच्या दोन बाजूंची रुंद टोके पुढची आणि निमुळती टोके मागची. रुंद टोकातून मोहरीएवढा तुकडा घ्यावा, काचपट्टीवर ठेवून दुसऱ्या काचपट्टीने दाबावा आणि दोन्ही पट्ट्या एकमेकींवरून सरकवत वेगळ्या कराव्यात. शस्त्रक्रिया चालू असताना मेंदूच्या गाठीचे झटपट निदान करण्यासाठी आम्ही हीच पद्धत वापरतो आणि तिला स्क्वॅश म्हणतो. तिचा फायदा असा की कापात तुटणारे फाटे दाबलेल्या तुकड्यात बऱ्याच अंशी पेशीला चिकटून राहतात. पट्टी वाळल्यावर काही मिनिटे स्पिरिटमध्ये ठेवावी, मग एक टक्का मेथिलीन ब्लूचे थेंब टाकून दोन-तीन मिनिटांनी पाण्याने हलके धुवावी.

दहापट भिंगाखाली आधी सगळीकडे बारीक निळे ठिपके दिसतील. ती ग्लिया, म्हणजे चेतापेशींना आधार देणाऱ्या, पेशींची केंद्रके आहेत, आणि विद्यार्थी त्यांनाच चेतापेशी समजतात. त्यांच्यामध्ये तुरळक ठिकाणी मोठ्या, अनेक कोनांच्या निळ्या पेशी शोधाव्यात. चाळीसपट भिंगाखाली फिकट गोल केंद्रक, त्यात एकच ठळक केंद्रिका, भोवती निस्सल कणांचे निळे ठिगळ आणि तीन-चार फाटे दिसले, म्हणजे पेशी सापडली. अक्षतंतू सहसा तुटलेला असतो, आणि तो पूर्ण दिसल्याचा दावा करणाऱ्या विद्यार्थ्याला प्रमाणाचे गणित पुन्हा विचारावे. हातमोजे घालावेत, उरलेली ऊती आणि काचपट्ट्या हायपोक्लोराइटमध्ये बुडवून मगच टाकाव्यात. पांढऱ्या भागातला तुकडा आला तर नुसते धागे दिसतात, तेव्हा दुसरी पट्टी करावी. एका बॅचसाठी बोटभर लांबीचा मेरुरज्जू पुरतो.